पेन्शनवर चालणारा गोठा – खटाव तालुक्यातलं एक प्रकरण

आमच्याकडं लष्करातनं रिटायर होऊन आलेला माणूस शिपाई असू दे नाहीतर सुभेदार, गावात तो मेजरच. त्यामुळं ह्या लिखाणात पण मेजरच म्हणतो, खरं पद हवालदार. नाव गाव काढून टाकलंय, घरचे आकडे थोडे मागंपुढं केलेत, बाकी जसं घडलं तसं. मी त्या भागातला खाजगी जनावरांचा डॉक्टर, गोठ्यावर जाणं येणं पहिल्यापासून, म्हणून आतल्या गोष्टी माहिती.

पार्श्वभूमी

सातारा जिल्हा म्हणजे फौजींचा जिल्हा हे काय नवीन सांगायला नको, अपशिंगे तर गावाच्या नावातच मिलिटरी लावतंय. आणि ह्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अन आमचा पूर्व खटाव पर्जन्यछायेत, त्यामुळं शेतीवर भागत नाही म्हणून पोरं भरतीला पळतात आणि चोवीस वर्षांनी परत त्याच शेतीवर येतात. मेजर २०२० च्या जानेवारीत आले. वय त्रेचाळीस, म्हणजे रिटायर म्हणायचं पण काम करायचं वय अजून शिल्लक. मुलगी दहावीत, मुलगा सातवीत, आई थकलेली, जमीन चार एकर, त्यातली दोन एकर पाण्याखाली.

पैसा एकदम हातात आला. ग्रॅच्युइटी, फंड, रजेचे पैसे, ग्रुप इन्शुरन्स, आणि अर्धी पेन्शन कम्युट करून (म्हणजे पुढच्या पेन्शनचा हिस्सा सोडून त्याचे पैसे आधीच एकरकमी घेऊन) मिळालेली रक्कम, सगळं मिळून पस्तीस लाखाच्या आसपास. कम्युट केलेली पेन्शन पंधरा वर्षांनी परत चालू होते पण तोपर्यंत महिन्याचा आकडा कमीच, त्यांचा सुरवातीला सोळा हजाराच्या घरात होता, पुढं महागाई भत्ता वाढला तसा वीसच्या वर गेला. पस्तीसातले दहा घरावर गेले, काही मुलीच्या नावानं ठेवले, थोडे हात राखून ठेवले आणि अठरा लाख गोठ्यात. नऊ लाखाचा गोठा (मिल्किंग मशीन, कुट्टी मशीन धरून) आणि नऊ लाखाच्या दहा एचएफ (होलस्टिन फ्रिजियन) गाई.

गाईच का, तर नोकरीत असताना एका मिलिटरी फार्मच्या शेजारी पोस्टिंग होतं. तिथल्या फ्रीजवाल गाईंच्या रांगा, चुन्यानं आखलेले रस्ते, घड्याळावर निघणाऱ्या धारा हे सगळं डोक्यात बसलेलं. फ्रीजवाल म्हणजे होलस्टिन आणि साहिवालचा संकर, फौजेच्या फार्मवर तयार झालेला. गंमत अशी की मेजर गोठा बांधत होते तेव्हा सरकारनं ते सगळे फार्म बंद करायचं ठरवून झालेलं होतं, २०१७ ला ३९ फार्मांचा निर्णय झाला आणि ३१ मार्च २०२१ ला शेवटचा कारभार संपला. फौजेला सुद्धा दूध बाहेरनं घेणं स्वस्त पडायला लागलं होतं. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्यांचा स्टाफच लय होता डॉक्टर, मला कुठं स्टाफ हाय." मुद्दा तसा बरोबर होता, म्हणून मी पुढं काय बोललो नाही.

अडचण कशी वाढत गेली

पहिला निर्णय दहा गाई एकदम घ्यायचा. बाहेरच्या बाजारातनं, दलालाच्या शब्दावर, एका ट्रकमधे. आपल्याकडं जाणता माणूस दुभतं जनावर घेताना तीन धारा स्वतः बघतो, संध्याकाळ सकाळ संध्याकाळ, कारण बाजारात आणताना एक धार चुकवून कास तुंबवून दाखवायची पद्धत जुनी आहे. ह्यांनी एकच धार बघितली. वीस-बावीस लिटर सांगितलेल्या गाई घरी आल्यावर तेरा-चौदावर थांबल्या, एकीचा एक सड आत गाठ धरलेला निघाला, दोन गाई सांगितलेल्या वेतापेक्षा दातावरनं सरळ दोन वेतं मोठ्या दिसत होत्या. रक्त तपासणी नाही, कासेची तपासणी नाही.

फेब्रुवारीत गाई आल्या आणि मार्चमधे लॉकडाऊन. दुधाचा तीस-बत्तीसचा दर बघता बघता अठरा-वीसवर आला. इथं बऱ्याच लोकांनी गाई काढल्या. मेजरनी काढल्या नाहीत, आणि तो निर्णय माझ्या मते चुकीचा पण नव्हता कारण विकायला गेलं तर घेणारा कोण होता, बाजारच बंद. पण त्या वर्षी एक सवय लागली ती पुढं महागात गेली. घरखर्च आणि पेंड दोन्ही पेन्शनच्या खात्यातनं.

ह्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. बाकीचे दूधवाले डेअरीतनं पेंड उचलतात, ती दहा दिवसाच्या बिलातनं कापली जाते, त्यामुळं बिल हातात आलं की कळतं बाबा ह्या वेळेला काय राहिलं नाही. मेजरला उधारी हा प्रकारच नको. पेंडीचं पोतं घेतलं की जागेवर पैसे, फोनवरनं, पेन्शनच्या खात्यातनं. आणि दुधाचं बिल मात्र दुसऱ्या खात्यावर, अख्खंच्या अख्खं, कपात शून्य. पासबुक उघडलं की दर दहा दिवसाला पंधरा-सोळा हजार जमा दिसायचे. गावात त्यांच्याइतकं स्वच्छ बिल कुणाचंच नव्हतं. त्यामुळं गोठा चाललाय असं त्यांना वाटत होतं, गावाला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर बघणाऱ्या कुणालाही वाटलं असतं.

दुसरी गोष्ट राशन. सगळ्या गाईंना सारखं, पाच पाच किलो गोळीपेंड, मापानं, वेळेवर. दुभती असो भाकड असो. फौजेत ताट सगळ्यांना सारखं हे डोक्यात फिट्ट. पण गाईचं गणित वेगळं असतं, अंगाला दीड-दोन किलो आणि वर दर लिटरमागं चारशे ग्रॅम. म्हणजे अठरा लिटरच्या गाईला नऊ किलोच्या आसपास पाहिजे आणि सहा लिटरच्या गाईला चार-साडेचार खूप झालं. पाच पाच किलोत काय होणार तर जास्त दुधाची गाय अंगातली चरबी काढून दूध देणार, वाळणार, माजावर येणार नाही, आली तर उलटणार, म्हणजे भरली तरी गाभ धरणार नाही. आणि भाकड गाय तेच पाच किलो खाऊन लठ्ठ होणार, व्यायला अडणार, वार अडकणार. दोन्ही झालं. २०२१ ला एक लठ्ठ गाय व्याल्यावर बसली ती उठलीच नाही. बाकीच्यांचं दोन वेतातलं अंतर सतरा-अठरा महिन्यावर गेलं, ते तेरा-चौदाच्या आत पाहिजे. उलटणाऱ्या गाई म्हणजे आम्हा डॉक्टर लोकांची रोजी, तेव्हा तक्रार मी करू नये, पण त्या गोठ्यावर जायची मला लाज वाटायला लागली होती.

गोठा पण बराकीसारखा बांधलेला, छताचा पत्रा फार खाली, तिन्ही बाजूनं भिंती. एचएफला पंचवीस-सव्वीस डिग्रीच्या वर त्रास चालू होतो आणि आमच्याकडं एप्रिल-मेमधे चाळीसला टेकतंय. दुपारी गाई जीभ काढून धापा टाकायच्या.

२०२२ ला लम्पी, जनावरांच्या अंगावर गाठी उठवणारा साथीचा रोग. गोट पॉक्सची लस वेळेवर टोचलेली, तरी एक वासरू गेलं, भरपाई वासराला १६ हजार होती ती कागदं व्यवस्थित असल्यामुळं मिळाली. कागदाच्या बाबतीत मेजरचा हात कुणी धरू शकत नाही.

मग २०२३. वर्षाच्या सुरवातीला सदतीस-अडतीसपर्यंत गेलेला दर नोव्हेंबरात सव्वीस-सत्तावीस, वर पावसानं दडी मारलेली, कडब्याच्या पेंढीचा भाव ऐकून माणूस दोन पावलं मागं सरकायचा.

हिशोब उघडला तेव्हा

डिसेंबरमधे एका गाईला चौथ्यांदा सिमेन भरायला बोलावलं. मी म्हटलं मेजर, आता भरत नाही, आधी रजिस्टर दाखवा. रजिस्टर होतं, एकदम टापटीप, रोजचं एकूण दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), लसीच्या तारखा, गड्याची हजेरी. पण कुठल्या गाईनं किती दिलं हा रकानाच नाही. सगळ्यांचं दूध एका कॅनमधे.

म्हटलं दोन्ही पासबुकं आणा. मुलगी तोवर बीकॉमला गेलेली, तिनं फोनवरच बेरजा मारल्या. नऊ गाई, सहा दुधावर, रोज बासष्ट लिटरच्या आसपास, महिन्याला एकोणपन्नास हजार. पेंड रोज पंचेचाळीस किलो, महिन्याला चाळीस हजार. गडी बारा हजार. औषध, सिमेन, लाईट, विकतचा चारा वेगळा. म्हणजे महिन्याला दहा-पंधरा हजार उलटे आणि ते भरत होती पेन्शन.

मेजरना पटेना. "डॉक्टर, तोटा असता तर मला कर्ज झालं असतं की. एक रुपया देणं न्हाई माझं कुणाचं."

पोरगी म्हणाली, "पप्पा, कर्ज झालं असतं तर लवकर कळलं असतं."

ह्यावर मेजर उठून बाहेर गेले. आठवडाभर फोन नाही.

पर्याय काय काय होते

आठवड्यानं बोलावलं तेव्हा चार पर्याय कागदावर लिहून ठेवलेले.

एक, सगळं विकून पुण्याकडं सिक्युरिटीची नोकरी. पैसा पक्का. पण आई अंथरुणाला, मुलगा बारावीच्या तोंडावर, आणि घरापासनं चोवीस वर्षं लांब राहिलेला माणूस. वहिनींनी, म्हणजे मेजरच्या बायकोनं, ह्या पर्यायावर हातच ठेवू दिला नाही.

दोन, गाई काढून मुऱ्हा म्हशी. फॅट जास्त म्हणून दर बरा आणि गाईच्या दुधासारखा खालीवर होत नाही. पण चांगली म्हैस लाखाच्या पुढं, दोन वेतातलं अंतर मोठं, आणि ज्याला गाईचा माज कळत नाही त्याला म्हशीचा काय कळणार, ती तर त्याहून मुकी.

तीन, मोठं करायचं. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्यात कर्ज काढून वीस गाई. हा सल्ला एका नातेवाईकाचा, "दहा गाईत परवडत न्हाई, वीस केल्या तर परवडंल". हे वाक्य मी गोठ्यागोठ्यावर ऐकलंय. एका गाईमागं तोटा असेल तर वीस गाईंचा तोटा दुप्पट होतो, दुसरं काय होत नाही.

चार, कमी करायचं. निम्म्या गाई, घरचा चारा, आणि बाहेरनं गाय परत आणायची नाही, घरच्या कालवडी वाढवायच्या. ह्यात हातात लगेच काही येत नाही आणि गावात बोलणं होतं की मेजरचा गोठा बसला. मला वाटतं त्यांना पैशापेक्षा हेच जास्त जड गेलं. तिसऱ्या पर्यायाकडं मन ओढत होतं ते त्यामुळंच.

चौथा ठरला तो माझ्यामुळं नाही. वहिनी म्हणाल्या, "आधी एक वरीस पेन्शनला हात न लावता ह्ये चालवून दाखवा. चाललं तर मग वीस काय चाळीस आणा." मुलीनं पेन्शनच्या खात्यातनं फोनचं ॲप काढूनच टाकलं.

काय केलं

पहिल्यांदा गाईवार दूध. दर दहा दिवसातनं एकदा दोन्ही वेळेचं प्रत्येक गाईचं दूध वेगळं मोजायचं. पहिल्याच मोजणीत नऊतल्या दोनच गाई अर्ध्याहून जास्त दूध देतायत असं निघालं, आणि ज्या गाईवर मेजरचा सगळ्यात जीव ती साडेचार लिटरवर.

तीन गाई काढायच्या ठरल्या, दोन गाभण न राहणाऱ्या भाकड आणि एक तीन सडाची. बोलायला सोपं आहे हे. राज्यात गोहत्याबंदी आहे, भाकड गाईला गिऱ्हाईक मिळत नाही, मिळालं तर भाव नाही. दोन पंचवीस हजाराच्या आतच गेल्या. तिसरी एका नातेवाईकाच्या रानात शेणखतासाठी म्हणून दिली, जवळजवळ फुकट. नव्वद हजाराची गाय अशी देताना माणसाच्या पोटात काय होतं ते ज्यानं दिली त्यालाच माहिती. म्हातारी दोन दिवस जेवली नाही.

पेंड दुधाप्रमाणं चालू केली, हळूहळू वाढवत, एकदम नाही. तीन आठवड्यात वरच्या गाईचं दूध चार लिटरनं वाढलं. सहा गाई, पाच दुधावर, दूध जवळपास तेवढंच साठ लिटर आणि पेंड पंचेचाळीसवरनं छत्तीस किलोवर. नुसतं वाटप बदलून आणि गाई कमी करून महिन्याला आठ हजार वाचले, मुरघास चालू झाल्यावर अजून खाली आलं.

मुरघास म्हणजे पाण्याखालच्या दोन एकरात मका, दाणा चीक सोडून जरा घट्ट होताना कापायचा, ऐंशी-नव्वद दिवसाला, कुट्टी करून दाबून हवा काढायची आणि निदान पंचेचाळीस दिवस उघडायचं नाही. पहिल्या खेपेला काही बॅगा उंदरांनी कुरतडल्या, आत बुरशी. मेजर म्हणाले वरचं काढून खालचं घालू. मी नको म्हटलं, गाभण गाईला बुरशीचं घातलं तर गाभ टाकायची भीती. उकिरड्यात गेलं सगळं.

मग गोठ्याच्या एका बाजूची भिंत पाडली, बाहेर कडुलिंबाखाली जाळी मारून मुक्त गोठा, खर्च चाळीस हजार. ह्याचा खरा फायदा माज कळण्यात झाला. बांधलेली गाय कशी दाखवणार, मोकळी सोडली की एकमेकींवर चढतात, उभी राहून चढू देते ती माजावर. आणि इथंच गोठ्याचा कारभारी बदलला. आतापर्यंत माजाची नोंद मेजर करायचे, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, ठरल्या वेळेला फेरी. एचएफ रात्री नाहीतर पहाटे माज दाखवते. वहिनी पहाटे पाचला उठून एकदा आणि रात्री झोपताना एकदा बघायच्या, हे त्या आधीपासूनच बघत होत्या, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "ह्यांच्या बुटाचं पॉलिश कधी चुकलं न्हाई, पर म्होरं गाय वरडाय लागली तरी ह्यांना कळत न्हाई." तेव्हापासून ते रजिस्टर वहिनींच्या हातात, पहाटे माज दिसला तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. एकवीस दिवसाचा फेरा चुकणं जवळजवळ बंद झालं. कालवडींना बहुतेक मादीच होणारं सिमेन वापरायला लागलो, कारण खोंड झाला की त्याचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक गोठ्यावर आहे.

गडी अर्ध्या दिवसावर आणला. आधीचे गडी टिकत नव्हते कारण मेजर त्यांना सकाळी लाईनीत उभं करून कामं वाटायचे (दोनच गडी असले तरी लाईन). ते बंद झालं असं ते सांगतात.

निकाल

२०२४ च्या जानेवारीत सरकारनं २७ रुपये दर आणि ५ रुपये अनुदान केलं, जुलैत ३० आणि ५, ऑक्टोबरात २८ आणि ७. अनुदानाला कानातला बिल्ला मालकाच्या नावावर पाहिजे, ह्यांच्या दोन गाईंचे बिल्ले जुन्या मालकाच्या नावावर निघाले, ते बदलून घेईपर्यंत तेवढं बुडालं.

वर्षभर पेन्शनला हात लागला नाही. आता सात गाई, त्यातल्या दोन घरच्या कालवडी व्यालेल्या, दुधावरच्या गाईची सरासरी चौदा-पंधरा लिटर, वेतातलं अंतर चौदा महिन्यावर आलंय. खर्च जाऊन महिन्याला पंधरा-अठरा हजार राहतात. पण ह्यात नवरा बायको दोघांची मजुरी धरलेली नाही. ती धरली तर उरतं ते शेणखत, आणि आमच्या हलक्या रानाला ते कमी नाही हे पण खरं. अठरा लाख मात्र परत आलेले नाहीत, येतील असं मला वाटत पण नाही, गोठ्याचं सिमेंट काय दूध देत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

गोठा आधी आणि गाई नंतर हा क्रम उलटा पाहिजे होता. पहिलं वर्ष दोन-तीन गाई, साधं छप्पर, आणि मका रानात उभा राहिल्याशिवाय चौथी गाय नाही. रिटायर व्हायच्या आधी फौजेच्या पुनर्वसन विभागाचे कोर्स असतात, मेजर गेले होते, पण सिक्युरिटीच्या कोर्सला, कारण बरोबरचे सगळे तिकडं गेले.

अर्धी पेन्शन कम्युट करावी का ह्यावर मी ठाम बोलू शकत नाही. घर बांधायला, पोरांच्या शिक्षणाला लोक करतात आणि त्यात चूक नाही. पण ती रक्कम जिवंत जनावरात घालणं, तेसुद्धा एका ट्रकमधे, हे वेगळं. घालायचीच तर विकत घेताना तीन धारा, कासेची सीएमटी (कासदाहाची तपासणी) आणि गाभ टाकायला लावणाऱ्या ब्रुसेला रोगाची तपासणी एवढं तरी. गाईच्या किमतीपुढं तपासणीचा खर्च काहीच नसतो.

२०२१ ला गाय मेली तेव्हा थांबून हिशोब बघायला पाहिजे होता. तेव्हा सगळ्यांनी तिच्या नशिबावर घातलं.

आणि वहिनींना दोन वर्षं आधी विचारलं असतं तर निदान चार-पाच वेतं लवकर मिळाली असती, हे मेजर आता स्वतः चारचौघात सांगतात.

सध्याचा वाद वेगळाच आहे. चार कालवडी आहेत, दोन गाभण, आणि शेजारच्या गावातला एकजण गाभण कालवडीला ऐंशी हजार द्यायला तयार आहे. मेजर म्हणतात ठेवू, नऊ होतील, दहाला एकच कमी. वहिनी म्हणतात दोन विका आणि त्या पैशात मुरघासाचा पक्का खड्डा बांधा. मी वहिनींच्या बाजूनं आहे. मुलगीही. मेजरनी अजून होय म्हटलेलं नाही, पण परवा गवंड्याला खड्ड्याचं माप घ्यायला बोलावलेलं दिसलं.